राजापूर गेला, हिगिन्सही गेला

मी दोन देशांत मतदान केलं आहे. दोन्हीकडे ज्या मतदारसंघात पहिलं मत दिलं, तो मतदारसंघ आज नकाशावर नाही. कणकवलीत 1998 च्या फेब्रुवारीत कागदी मतपत्रिकेवर शिक्का मारला तो राजापूर लोकसभा मतदारसंघासाठी. 2008 च्या फेररचनेत राजापूर गेला. मेलबर्नच्या मरमबीना उपनगरात 2022 च्या मे महिन्यात पेन्सिलीने पसंतीक्रमाचे आकडे लिहिले ते हिगिन्ससाठी. 2024 च्या ऑक्टोबरात हिगिन्सही गेला.

राजापूर गेल्याची हळहळ मला बरीच वर्षं पुरली. हिगिन्सच्या वेळी तसं काही झालं नाही. सुरुवातीला वाटलं, परक्या मुलखातला मतदारसंघ, तीन वर्षांची ओळख, हळहळ कशाची वाटणार? पण हिगिन्स का गेला, कसा गेला, कोणी घालवला हे वाचत गेलो आणि लक्षात आलं की फरक ओळखीचा नाही. मतदारसंघ बरखास्त करण्याची एक रीत असते. ती पाळली तर मतदारावर अन्याय होत नाही, आणि तीस-तीस वर्षं टाळली तर त्या टाळण्यातच अन्याय होत राहतो. आपल्याकडे मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर जे वादळ घोंघावतं आहे, त्यात हा मुद्दा पार मागे पडला आहे, म्हणून हिगिन्सची गोष्ट सविस्तर सांगतो.

हिगिन्स हा मेलबर्नच्या आग्नेय अंगाचा उपनगरी मतदारसंघ. ऑस्ट्रेलियाच्या संघीय संसदेचं प्रतिनिधिगृह 1949 साली 74 जागांवरून एकदम 121 जागांचं झालं, तेव्हा तो जन्माला आला. पश्चिमेच्या टोकाला तुराक आणि साउथ यारा, म्हणजे मेलबर्नमधल्या सर्वात श्रीमंत वस्त्या. तिथून पूर्वेकडे यावं तसतसे मॅल्वर्न, ग्लेन आयरिस, कार्नेगी, मरमबीना, ह्यूजडेल. आमच्या बाजूला भाड्याची घरं, विद्यार्थी, नर्सेस, आयटीतली तरुण जोडपी आणि किराणा दुकानात कढीपत्ता. 2018 मध्ये आमच्याकडची रेल्वे फाटकं काढून गाडी उंच पुलावर नेली, तेव्हा पुलाखाली चालायला जागा झाली. संध्याकाळी तिथे तमीळ, पंजाबी, मँडरिन, ग्रीक आणि अधूनमधून मराठीही कानावर पडते. तुराकच्या उंच कुंपणांमागची माणसं आणि आम्ही एकाच खासदाराचे मतदार होतो.

नाव पडलं हेन्री बोर्न्स हिगिन्स यांच्यावरून. हा माणूस मराठी वाचकाला माहीत असायला हवा. 1907 साली मेलबर्नच्या पश्चिमेला सनशाइन इथल्या शेती-अवजारांच्या कारखान्याचा खटला त्यांच्यापुढे आला. प्रश्न होता, मजुराला 'रास्त' वेतन म्हणजे किती? मालकाला परवडेल तितकं, की बाजारात मिळेल तितकं? हिगिन्स यांनी दोन्ही मापं बाजूला ठेवली आणि मजुरांच्या घरात शिरले. भाडं किती, पाव-मांस-लाकडं किती, याबद्दल त्यांनी बायकांच्याही साक्षी घेतल्या, हिशेब मांडला आणि नवरा, बायको, तीन मुलं यांना काटकसरीने पण माणसासारखं जगायला दिवसाला किमान सात शिलिंग लागतात असं ठरवलं. ज्या कायद्याखाली हा निकाल दिला तो कायदा पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने रद्द केला, पण सात शिलिंगांचं माप टिकलं. ऑस्ट्रेलियातल्या मूळ वेतनाची कल्पना तिथून आली.

अशा माणसाच्या नावाचा मतदारसंघ 73 वर्षं उजव्या लिबरल पक्षाकडे राहिला. मजूर पक्ष तिथे पहिल्यांदा जिंकला 2022 मध्ये, आणि तीच निवडणूक हिगिन्सची शेवटची ठरली.

पहिले खासदार हॅरोल्ड होल्ट. 1949 ते 1967. 1966 च्या जानेवारीत ते पंतप्रधान झाले. त्यांची कारकीर्द दोन वर्षंही पुरी झाली नाही, पण त्यात दोन गोष्टी झाल्या, आणि त्या दोन्हींशी माझ्यासारख्याचा थेट संबंध आहे. मार्च 1966 मध्ये त्यांच्या सरकारने स्थलांतराचे नियम बदलले आणि युरोपीय नसलेल्या शिकलेल्या, हुन्नर असलेल्या माणसांना कायमचं राहण्याची वाट मोकळी केली. 'फक्त गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया' हे धोरण पूर्ण मोडलं ते पुढे 1973 मध्ये, पण पहिलं मोठं खिंडार पडलं ते इथे. आज मेलबर्नमध्ये गणपती बसतो, मराठी शाळा भरते, त्या सगळ्याच्या मुळाशी हे खिंडार आहे.

दुसरी गोष्ट 27 मे 1967 च्या सार्वमताची. ऑस्ट्रेलियाच्या घटनेत कलम 127 होतं. देशाची किंवा राज्याची लोकसंख्या मोजताना मूळनिवासींना धरू नये, असं ते सांगायचं. कोणत्या राज्याला संसदेत किती जागा हे लोकसंख्येवर ठरतं, म्हणजे जागावाटपाच्या हिशेबात या भूमीची सर्वात जुनी माणसं नव्हतीच. होल्ट सरकारने ते कलम रद्द करण्याचा प्रश्न लोकांपुढे ठेवला आणि 90 टक्क्यांहून अधिक मतदारांनी होकार दिला. माणसाला मोजणं ही कारकुनी बाब आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी कलम 127 आठवावं. ज्याला मोजलं जात नाही, तो राज्यकर्त्यांच्या हिशेबात नसतो.

त्याच वर्षी 17 डिसेंबरला होल्ट चेव्हियट बीचवर पोहायला उतरले आणि परत आले नाहीत. देहही सापडला नाही. मॅल्वर्नच्या पालिकेचा जलतरण तलाव तेव्हा बांधला जात होता, त्याला त्यांचं नाव दिलं. बुडालेल्या माणसाच्या नावाने तलाव, म्हणून लोक आजही त्याची थट्टा करतात. मला ती कधी जमली नाही. माझी मुलगी त्याच तलावात पोहायला शिकली. पोहण्याची मनापासून आवड असलेल्या आपल्या खासदाराची आठवण गावाने याहून चांगली कशी ठेवायची?

होल्ट यांच्या जागी आले जॉन गॉर्टन. ते सिनेटर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचे सदस्य, असताना पंतप्रधान झाले, मग सिनेटचा राजीनामा देऊन फेब्रुवारी 1968 मध्ये हिगिन्समधून पोटनिवडणूक लढले. मधले काही आठवडे देशाचा पंतप्रधान संसदेच्या कोणत्याच सभागृहाचा सदस्य नव्हता. घटना तीन महिन्यांची मुभा देते, ती त्यांनी वापरली. रॉजर शिप्टन यांच्यानंतर 1990 पासून पीटर कॉस्टेलो, जे साडेअकरा वर्षं देशाचे अर्थमंत्री होते. मग केली ओड्वायर, मग बालरोगतज्ज्ञ केटी ॲलन. आणि 2022 मध्ये संसर्गजन्य रोगांच्या डॉक्टर मिशेल आनंद-राजा, श्रीलंकन तमीळ आईवडिलांची मुलगी. 1966 च्या त्या खिंडारातून आलेल्या समाजातली एक बाई होल्ट यांच्याच जागेवर जाऊन बसली.

दोन पंतप्रधान, एक विक्रमी अर्थमंत्री. वारसा म्हणून सांगायचं तर हिगिन्सइतकं बळ थोड्याच मतदारसंघांकडे होतं. शिवाय शेवटच्या खासदार सत्ताधारी पक्षाच्या होत्या. तरीही जागा गेली आणि त्यांचं सरकार ती वाचवू शकलं नाही. का, ते आता सांगतो.

ऑस्ट्रेलियात नवं प्रतिनिधिगृह बसल्यावर एक वर्षाने निवडणूक आयुक्त लोकसंख्येचे ताजे आकडे घेतात आणि कोणत्या राज्याला किती जागा हे ठरवतात. सरळ भागाकार आहे, त्यात कोणाच्या मर्जीला जागा नाही. जुलै 2023 मध्ये हा भागाकार झाला. साथीच्या काळात बाहेरून येणारे थांबले, त्याचा फटका न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाला बसला. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा वाटा वाढला. न्यू साउथ वेल्स 47 वरून 46, व्हिक्टोरिया 39 वरून 38, पश्चिम ऑस्ट्रेलिया 15 वरून 16. तीन वर्षांपूर्वी नेमकं उलटं झालं होतं. तेव्हा पश्चिमेची एक जागा गेली होती आणि व्हिक्टोरियाला एक मिळाली होती. कोणी रस्त्यावर उतरलं नव्हतं, याही वेळी उतरलं नाही.

मग राज्याच्या आत रेषा आखायच्या. समिती चौघांची: देशाचे निवडणूक आयुक्त, राज्यातले निवडणूक अधिकारी, राज्याचे मुख्य भूमापक आणि राज्याचे महालेखापाल. यात एकही राजकारणी नाही. आपल्याकडे मतदारसंघ आखणाऱ्या 2002 च्या परिसीमन आयोगात प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसत. त्यांना मत नव्हतं, पण नकाशा तयार होताना ते त्या खोलीत असत. हा फरक मला फार मोठा वाटतो.

समिती आधी सूचना मागवते. त्यासाठी 30 दिवस. त्या सूचनांवर इतरांनी बोलायला 14 दिवस. मग प्रस्तावित नकाशा निघतो, त्यावर हरकतींना 28 दिवस, हरकतींवर प्रतिक्रियांना पुन्हा 14. आलेला प्रत्येक कागद सर्वांना वाचता येतो. पक्षांचे, नगरपालिकांचे, आणि ज्यांना नकाशांचं वेड आहे अशा साध्या नागरिकांचेही. 2024 च्या जूनमध्ये मी रात्री जेवण झाल्यावर हे कागद वाचत बसायचो. एका रस्त्याच्या डाव्या बाजूची घरं कोणाकडे जावीत यावर माणसं किती जीव तोडून लिहितात! अमुक शाळेची मुलं नदीपलीकडून येत नाहीत, अमुक ट्राम दोन वस्त्यांना जोडते, अमुक बाजार आमचा आहे. स्वतःच्या गल्लीवर इतकं प्रेम असलेली माणसं वाचताना मला कणकवलीच्या बाजारपेठेतले वाद आठवत राहिले.

भावना ऐकल्या जातात, पण आकड्याच्या चौकटीतच. प्रत्येक मतदारसंघाची मतदारसंख्या राज्याच्या सरासरीच्या दहा टक्के आत-बाहेर हवी, आणि साडेतीन वर्षांनंतरच्या अंदाजित संख्येत तर साडेतीन टक्क्यांच्याच फरकात. मेलबर्नच्या बाहेरच्या कडा भराभर वाढल्या, आग्नेयेची जुनी उपनगरं त्या वेगाने वाढली नाहीत. एक जागा कमी करायची तर ती याच पट्ट्यातून जाणार हे गणितानेच सांगितलं. 31 मे 2024 ला प्रस्ताव आला, 17 ऑक्टोबरला पक्का झाला. तुराक आणि मॅल्वर्न कूयाँगला, साउथ यारा नदी ओलांडून मेलबर्न मतदारसंघाला, बाकीचा भाग इतर शेजाऱ्यांना. माझी गल्ली हॉथममध्ये गेली. सिडनीकडे नॉर्थ सिडनी बरखास्त झाला. तो तर 1901 च्या पहिल्या निवडणुकीपासूनचा, माजी पंतप्रधान बिली ह्यूज ज्याचे 27 वर्षं खासदार होते तो. पश्चिम ऑस्ट्रेलियात नवा मतदारसंघ झाला, त्याला युद्धकाळातल्या परिचारिका व्हिव्हियन बुलविंकल यांचं नाव मिळालं.

यातलं काहीही संसदेच्या मंजुरीला गेलं नाही. पूर्वी जायचं. 1983 च्या कायदेबदलापर्यंत आयुक्तांचा नकाशा दोन्ही सभागृहांनी मान्य करावा लागे, आणि खासदारांना नकाशा आवडला नाही की तो बारगळायचा. 1962 च्या फेरआखणीचं तेच झालं. ज्यांच्या खुर्च्या नकाशावर अवलंबून, त्यांच्याच हाती नकाशाची दोरी. ती दोरी त्यांनी स्वतः कायदा करून सोडली, आणि त्या एका सुधारणेमुळेच 2024 मध्ये सत्ताधारी पक्षाला आपलीच जागा जाताना गप्प बसावं लागलं.

रेषा हलल्या की राजकारण हलतं, हे मात्र खरं. 2025 च्या निवडणुकीत मेलबर्न मतदारसंघातून ग्रीन्स पक्षाचे नेते ॲडम बँट पडले. उत्तरेच्या त्यांच्या जिव्हाळ्याच्या वस्त्या काढून घेतल्या होत्या आणि हिगिन्सचा साउथ यारा त्यांच्या पदरात पडला होता. पराभवाला दुसरीही कारणं होती, पण हे एक होतंच. आनंद-राजा यांना पक्षाने सिनेटच्या यादीत घेतलं आणि त्या निवडून आल्या. हे बदल कोणाच्या फायद्यासाठी केले, असा आरोप गंभीरपणे कोणी केला नाही. करायचा तर कोणावर करणार? भूमापकावर?

आता राजापूर.

आमच्या घरात राजापूर म्हणजे आधी बॅरिस्टर नाथ पै आणि मग नाना, मधु दंडवते. 1957 ते 1991, चौतीस वर्षांत दोनच माणसं. वडील नाथ पैंच्या सभेला शेजारच्या गावी चालत गेले होते, आणि त्या भाषणातली वाक्यं म्हातारपणीही जशीच्या तशी म्हणून दाखवायचे. दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली, तर जणू आमच्याच घरचं कोणी ते केलं असा अभिमान. 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला आणि पुढच्याच महिन्यात मी पहिलं मत दिलं. सावंतवाडीकडून आलेली गाडी कणकवली स्टेशनात थांबलेली बघून रडणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. हा मतदारसंघ आम्हाला आमचा का वाटायचा, ते यावरून समजावं.

तो गेला कशाने? आमच्याच माणसांनी. कोकणातला तरुण मुंबईला चाकरीला गेला, मग गिरणगावातून कल्याण-डोंबिवलीला, ठाण्याला, नालासोपाऱ्याला. गाव मनीऑर्डरवर चाललं. मतदार तिकडे वाढले, इकडे घरं कुलपात राहिली. 2008 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या विधानसभेच्या जागा 24 झाल्या, लोकसभेला कल्याण, भिवंडी, पालघर अशी नवी नावं आली, आणि इकडे राजापूर आणि रत्नागिरी मिळून एकच मतदारसंघ उरला. आम्ही त्या वेळी 'कोकणावर अन्याय' असं बोललो. मीही बोललो. आज मला ते पटत नाही.

ज्याला आम्ही आमचं नुकसान म्हणत होतो, ते डोंबिवलीत राहणाऱ्या माझ्या सख्ख्या मामाचं थकलेलं देणं होतं. 1971 च्या जनगणनेवर आखलेल्या रेषा 1977 पासून 2004 पर्यंतच्या प्रत्येक लोकसभा निवडणुकीला तशाच वापरल्या गेल्या. त्या काळात जुना ठाणे मतदारसंघ फुगत फुगत देशातल्या सर्वात मोठ्या मतदारसंघांपैकी एक झाला. राजापुरात राहिलेल्या माझ्या वडिलांच्या मताचं वजन, लोकल पकडायला धावणाऱ्या मामाच्या मताच्या कित्येक पटींनी जास्त होतं. मामाला पाणी नव्हतं, रस्ता नव्हता, लोकलमध्ये उभं राहायला जागा नव्हती; आणि दिल्लीत त्याच्या नावाने बोलायला जो खासदार होता, त्याला त्याच्यासारखी आणखी लाखो माणसं सांभाळायची होती. एकाच कुटुंबातल्या दोन माणसांपैकी जो पोटासाठी गाव सोडून गेला, त्याला राष्ट्राच्या हिशेबात कमी धरलं गेलं. मोजणी गोठवण्याचा निर्णय 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने झाला, पुढे चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने तो 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवला. गोठवण्यामागे राज्याराज्यांतल्या समतोलाचं कारण होतं. त्याची किंमत मात्र राज्याच्या आतल्या माणसांनी, शहराच्या कडेला राहणाऱ्यांनी चुकती केली.

आणि ती आजही चुकती होते आहे. 2024 च्या निवडणुकीत ठाणे मतदारसंघात सुमारे 25 लाख मतदार होते, रत्नागिरी-सिंधुदुर्गात सुमारे साडेचौदा लाख. हैदराबादच्या कडेचा मलकाजगिरी तर 2019 मध्येच 31 लाखांच्या पुढे गेला होता. देशाची सरासरी अठरा लाखांच्या घरात आहे. आपण 2008 मध्ये जो हिशेब केला, तो 2001 च्या जनगणनेवरचा. 2011 च्या जनगणनेवर देशभराचा केलाच नाही, आणि त्यानंतरची जनगणना इतकी लांबली की तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठेवावी लागली. उपनगरं या काळात थांबलेली नाहीत. वसई-विरारपलीकडे, पुण्याच्या वाघोली-हिंजवडीकडे रोज नवी बिल्डिंग उभी राहते आहे, आणि तिथल्या प्रत्येक नव्या मतदाराच्या मताचं वजन हलकं होत चाललं आहे.

इथे कोणी म्हणेल की हा तर लोकसंख्या वाढवणाऱ्या राज्यांच्या बाजूचा युक्तिवाद झाला. केरळने, तामिळनाडूने कुटुंबनियोजन केलं, त्याची शिक्षा म्हणून त्यांच्या जागा कमी करायच्या का? नाही. त्यांची तक्रार खरी आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. ऑस्ट्रेलियाही राज्याराज्यांत नुसता भागाकार करत नाही. तास्मानियाची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास, शुद्ध गणिताने तिला तीनच जागा मिळाव्यात. पण 1901 च्या घटनेने प्रत्येक मूळ राज्याला किमान पाच जागांची हमी दिली आणि ती आजवर कोणी मोडली नाही. सिनेटमध्ये तर लहान-मोठ्या सगळ्या राज्यांना सारखे सदस्य. संघराज्य करारावर उभं असतं, तिथे हमी द्यावी लागते, घासाघीस करावी लागते, वेळ द्यावा लागतो. तो वेळ भारताने जरूर घ्यावा.

पण उत्तर प्रदेश आणि केरळ यांच्यातला प्रश्न सुटेपर्यंत ठाणे आणि सिंधुदुर्ग यांच्यातला हिशेब का थांबवायचा? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. राज्याच्या आत कोणताही करार नाही. तिथे डोंबिवलीकर आणि कणकवलीकर एकाच राज्याचे नागरिक आहेत आणि त्यांना समान वजन देण्याआड काहीही येत नाही. शिवाय याचा पायंडा आपणच पाडला आहे. 2003 च्या सत्त्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या एकूण जागांना हात न लावता फक्त आतल्या रेषा 2001 च्या जनगणनेवर हलवल्या. महाराष्ट्र 48 चा 48 च राहिला आणि तरी कल्याणला खासदार मिळाला. तेच प्रत्येक जनगणनेनंतर आपोआप व्हावं, संसदेने नवा कायदा करण्याची वाट न बघता व्हावं, आणि सहयोगी सदस्य म्हणून बसणारे खासदार-आमदार त्या खोलीतून बाहेर यावेत. ऑस्ट्रेलियात कोणतंही कारण घडलं नाही तरी सात वर्षं झाली की राज्यात फेरआखणी करावीच लागते. आपण दहा वर्षं म्हणू.

वारंवार रेषा हलल्या तर खासदार आणि मतदार यांचं नातं तुटतं, ही हरकत मी गंभीरपणे घेतो. नाथ पै आणि दंडवते यांच्यासारखं नातं पाच-सात वर्षांत जुळत नाही. पण वारंवार हलणाऱ्या रेषा थोड्याच हलतात. मरमबीनाचा हॉथम झाला, पण शाळा तीच, रांग तीच, गेटपाशी तव्यावर परतलेल्या कांद्याचा वास तोच. 3 मे 2025 ला मी तिथे पुन्हा हिरव्या मतपत्रिकेवर एक, दोन, तीन लिहून आलो. फक्त फलकावरचं नाव वेगळं होतं. जिथे तीस वर्षं रेषा हलत नाही, तिथे ती हलते तेव्हा अख्खा प्रदेश उखडल्यासारखा वाटतो, आणि मग माणसं गणिताला कटकारस्थान समजू लागतात. आम्ही कोकणात तेच केलं.

हिगिन्सच्या बाबतीत एकच गोष्ट मला टोचते, ती नावाची. होल्ट यांच्या नावाचा मतदारसंघ आजही आहे, मेलबर्नच्या आग्नेय टोकाला, क्रॅनबर्नच्या बाजूला. गॉर्टन यांच्या नावाचाही आहे, पश्चिमेच्या कडेला. दोन्ही ठिकाणी रोज नवी घरं बांधली जातात आणि त्या घरांत मोठ्या संख्येने आपली माणसं राहायला येतात. ज्या कडांच्या वाढीपुढे हिगिन्स टिकला नाही, त्या कडांवर हिगिन्सच्याच दोन खासदारांची नावं आहेत. पण मजुराच्या बायकोकडून वाणसामानाचा हिशेब समजून घेणाऱ्या त्या न्यायाधीशाचं नाव मात्र यादीतून गेलं.

व्हिक्टोरियाला पुन्हा एक जागा मिळेल, कारण पारडं खाली-वर होत राहणार. त्या वेळी सूचनांच्या 30 दिवसांत मी एक पानाचा अर्ज करणार आहे. नवा मतदारसंघ पश्चिमेला व्हावा, जिथे गोदामांत आणि ट्रकवर काम करणारी माणसं राहतात, सनशाइनच्या त्या जुन्या कारखान्याच्या जवळ कुठेतरी, आणि त्याचं नाव हिगिन्स असावं.